भोंगा सरांचे कान

दारावर पहिली टकटक झाली तेव्हा सर दाराला जवळजवळ टेकूनच उभे होते. बोळातला आरसा दाराच्याच शेजारी, आणि त्यात तोंड वाकडं करून ते हनुवटीखालची दाढी खरवडत होते. दुसरी टकटक झाली. वस्तरा शांतपणे खालून वर आला. तिसऱ्या वेळी तर कुणीतरी मूठच आपटली, तेव्हा सरांनी गाल फुगवून आरशात स्वतःला नीट न्याहाळलं.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको ओल्या हातांनी धावत आली. त्यांचा खांदा हलवून म्हणाली, "अहो, दार! की माणसांनी आता खिडकीतून यायचं?"

"हो हो," सर म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चहा हवा का, हो हो. लेकीचा फोन आला होता, हो हो. तुमच्या डोक्यावर शिंगं उगवली आहेत, हो हो. संसार इतक्या वर्षांचा झाला की कुठला 'हो हो' खरा आणि कुठला नुसता वेळ मारून नेणारा, ते तिला सुरावरून कळायचं. अलीकडे खरे कमी होत चालले होते.

उमेदीची सगळी वर्षं सरांनी आगीच्या बंबावर काढली होती. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांना अग्निशमन कॉलेजातल्या मुलांना शिकवायला पाठवलं. विषय असा, की आग विझवताना आपण स्वतः कसं जखमी व्हायचं नाही. पाठ न मोडता पाइप कसा उचलायचा, उष्म्याने चक्कर येण्याआधी बाहेर कसं यायचं, काजळीने भरलेला कोट घरी का न्यायचा नाही. शिकवताना आवाज असा, की पलीकडच्या मैदानावर खेळणारी मुलंही ऐकून शहाणी व्हावीत. म्हणून नाव पडलं भोंगा सर. मुलांना वाटे, हा सरांचा स्वभावच आहे. स्वभाव नव्हता तो. हे एकट्या बायकोला ठाऊक होतं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तीही ती मूठ दोन्ही हातांनी झाकून बसली होती.

दारात एक उंच मुलगी उभी होती. खांद्याला कॉलेजची पिशवी, डाव्या मनगटाला पट्टी.

"अरे, ये ये!" सर साबणाच्या तोंडाने गरजले. "बॅच लवकर निघाली काय आज? अगं, चहा टाक हिला."

"सर, मी जरा काकूंकडे..."

"हो हो, बस बस," म्हणत सर तोंड धुवायला गेले.

मुलीने खुर्चीवरचे शिवायला आलेले गणवेश उचलून मांडीवर घेतले आणि बसली. बसली ती नुसती टोकावर. बायकोने ओळखलं, चहाला आलेलं माणूस असं बसत नाही.

"मनगटाला काय झालं गं?"

"तेच सांगायला आलेय काकू. काल आम्ही धुराच्या खोलीत होतो."

धुराची खोली म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातली एक बंद इमारत. यंत्राने आत पांढरा धूर भरतात. मुलांनी पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क घेऊन रांगत आत जायचं आणि आतला माणूस शोधायचा. माणूस म्हणजे वाळू भरलेलं बाहुलं. प्रत्येकाच्या छातीवरच्या पट्ट्याला एक डबी असते. माणूस थोडा वेळ हलला नाही की ती आपोआप किंचाळायला लागते, म्हणजे कुणी बेशुद्ध पडलं तर बाकीच्यांना कळावं. डबी इतकी तापट, की मुलं बाहेर रांगेत उभी असतानाही मधूनमधून कंबर हलवत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्या बॅचला मुंग्या चावल्या आहेत.

"माझ्या टाकीचा पट्टा एका पलंगाच्या लोखंडात अडकला," मुलगी सांगू लागली. "हातही त्यातच पिरगळला. सरांनी शिकवलंय ना, अडकलात तर धडपडू नका, हवा संपते. पडून राहा, डबीला ओरडू द्या. तशी पडून राहिले. डबी ओरडायला लागली. मग सरांची बॅटरी दिसली. ते माझ्याच दिशेने आले, काकू. त्यांचा बूट माझ्या हातमोज्यावर पडला."

"मग?"

"मग ते पुढे निघून गेले."

बायकोने तिच्या पट्टीकडे पाहिलं.

"मास्कमधून मी ओरडत होते. डबी किंचाळत होती. हवा कमी झाल्याची घंटाही वाजायला लागली. शेवटी माझी जोडीदारीण बाहेरून शोधत आली आणि तिने पट्टा कापला. बाहेर आल्यावर सगळे म्हणाले, सरांनी मुद्दाम केलं, तुझी परीक्षा घेतली. हसले सगळे." तिने मांडीवरच्या गणवेशाची घडी उगाच सारखी केली. "पण बॅटरीच्या उजेडात मी सरांचं तोंड पाहिलं ना. ते मला शोधत होते. घाबरलेले होते."

आतून नळाचा आवाज येत होता.

"आज खरी आग आहे," मुलगी म्हणाली. "लोखंडी खोलीत लाकूड पेटवणार. पहिली जोडी माझी, आणि आत सर. मी कुणालाच बोलले नाहीये. तुम्ही फक्त सांगा काकू, सरांना ऐकू येतं ना?"

खरं तर उत्तर द्यायला एकच शब्द लागला असता. पण वर्षानुवर्षांची सवय जिभेवर आधीच येऊन बसलेली.

"येतं की! लक्ष नसतं त्यांचं, एवढंच. तू नको घाबरू."

मुलीच्या खांद्यांतला ताण सुटला. ती चक्क हसली, चहाही न घेता निघाली. जिना उतरताना तिची पावलं हलकी वाजली, आणि ती शेवटच्या पायरीपर्यंत बायकोने ऐकली.

तशीच ती आत गेली. सर पाठमोरे बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. ती त्यांच्या मागे उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, गॅस उघडा राहिलाय."

सरांनी नाडीची एक गाठ मारली.

"अहो, घरभर वास सुटलाय गॅसचा."

त्यांनी दुसरा बूट पुढे ओढला. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते.

गॅस बंदच होता. पण ज्या माणसाने अर्ध्या झोपेतून उठून शेजाऱ्यांच्या घरातला गॅस हुंगून बंद केला होता, तो या वाक्यावर गुणगुणत बसलेला पाहून तिचा धीरच सुटला. ती वळसा घालून पुढे आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"काल त्या मुलीचा हात तुमच्या बुटाखाली आला होता."

आता त्यांना सगळं कळलं. ओठ दिसत होते ना!

"कोण म्हणालं?"

"ती आत्ता येऊन गेली. तिची डबी ओरडत होती. तुम्हाला ऐकू आली?"

"धुरात, यंत्राच्या आवाजात..."

"बाकीच्यांना बाहेर ऐकू आली."

"दरवर्षी कान तपासून घेतो मी. पास आहे."

"तपासणाऱ्या बाईच्या मागे काच आहे. तीत तिचं बटणावरचं बोट दिसतं. तुम्हीच हसत हसत सांगितलं होतंत मला. तेव्हा मीही हसले."

सर नाडीशी चाळा करू लागले. तरुणपणी बंबाच्या टपावरच्या भोंग्याखाली बसून ते शहरभर फिरले होते, पंपाला खेटून उभे राहिले होते. कानात बोळे घालणाऱ्याला तेव्हा अग्निशमन केंद्रातले सगळे 'नवरी' म्हणून चिडवायचे. त्यात यांचा आवाज सगळ्यांत मोठा. आता जाडाभरडा आवाज कळायचा, बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले होते. किटलीची शिट्टी गेली, पक्षी गेले, फोनवरचं नातीचं बोलणं गेलं.

"पायाखाली मऊ लागलं होतं," ते एकदम म्हणाले. नेहमीचा भोंगा कुठच्या कुठे गेला होता. "मला वाटलं, पाइप असेल."

"आणि बाहेर आल्यावर?"

"पोरं म्हणाली, सर, परीक्षा घेतलीत ना तिची?" त्यांनी नजर खाली केली. "मी म्हटलं, हो हो."

मग तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज आत जाऊ नका."

"आणि कारण काय सांगू? एकदा सांगितलं की उद्यापासून घरी बसवतील. घरी बसून काय करू? तुझ्या गणवेशांना काजं करू?"

"काजांना डोळे लागतात, कान नाही. जमेल तुम्हाला."

एरवी या बोलण्यावर ते खदखदून हसले असते. आज उठले, टोपी घेतली आणि दार आपटून गेले. दार केवढं आपटलं, हे त्यांना कळलंही नसेल.

मुलीला फोन करावा, तर नंबर नाही. कॉलेजात कळवावं, तर नवऱ्याची भाकरी आपल्याच तोंडाने हिरावायची. आणि गप्प राहावं, तर? डोळ्यांपुढे तो हातमोजा आला. ती पायांत चपला सरकवून बसथांब्याकडे पळत सुटली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तेव्हा तिला कळलं, की आपण पदर तोंडात धरून बसलो आहोत.

फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. "मावशी, इथून पुढे नाही जायचं."

"माझा नवरा आहे आत."

"आत असतो तो कुणाचा तरी असतोच, मावशी."

"मग त्या कुणाच्या तरी आईने विचारलं तर हेच सांगशील का रे?" असं म्हणून ती त्याच्या हाताखालून आत शिरली. तो बघतच राहिला.

लोखंडी खोलीच्या फटींतून काळा धूर निघत होता. बंबाचा पंप इतका धडधडत होता, की तिला स्वतःच्या चपलांचा आवाज येईना. मोठाले कोट घातलेली मुलंमुली कंबर हलवत रांगेत उभी होती. सर दारापाशी मास्क चढवत होते. त्यांच्या मागे उंच मुलगी, मास्क लावून तयार.

"बाळ!" ती ओरडली. "अगं, सकाळी मी खोटं बोलले!"

मास्कच्या काचेआडून मुलीने मान हलवली. ऐकू येत नव्हतं. बायकोने आधी सरांकडे बोट केलं, मग आपल्या कानाला हात लावला आणि तोच हात हवेत आडवा हलवला. नाही. दोनदा, तीनदा, सगळ्यांदेखत.

मुलगी थबकली. दाराकडे पाहिलं, सरांच्या पाठीकडे पाहिलं, आणि रांगेतून मागे सरून तिने मास्क काढला. चेहरा पांढराफटक.

रांगेतल्या एका मुलाने मागे सरलेल्या मुलीची नक्कल केली, गुडघे लटलटवून दाखवले. बाकीचे वाकून हसायला लागले. हसणं ऐकायला येत नव्हतं, पण दिसत होतं. वळलेल्या सरांनाही ते दिसलं. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग पलीकडे धापा टाकत उभ्या असलेल्या बायकोकडे. बायकोला वाटलं, आता हे हसण्यावारी नेतील.

सरांनी दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले. सगळं थांबवा. पंपावरच्या माणसाने पंप बंद केला.

"हिला हसू नका," सर म्हणाले. मास्क त्यांनी काढून हातात घेतला होता. "ही काल बरोबर वागली. शिकवलं तसं वागली. मी कसलीही परीक्षा घेतली नव्हती. तिची डबी मला ऐकूच आली नाही. मी तिच्या हातावर पाय देऊन गेलो, आणि नंतर तुम्ही दिलेलं खोटं कारण घेऊन टाकलं. आज आत गेलो तर तेच होईल. मी जाणार नाही, आणि माझ्या भरवशावर कुणीही जाऊ नका."

कुणी हललं नाही. तेवढ्यात रांगेतली एक डबी चिवचिवली, मग दुसरी. मुलांनी दचकून कंबरा हलवल्या. सरांच्या चेहऱ्यावरची रेषही बदलली नाही, आणि मग सगळ्यांना एकदमच समजलं.

अभ्यासक्रमाच्या प्रमुख मॅडम बंबाजवळून भराभर पुढे आल्या. त्यांचाही रंग उडाला होता. "आग विझवा. आजचा सराव रद्द," त्या म्हणाल्या, आणि सरांकडे वळल्या. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली," सर म्हणाले.

खोलीवर पाण्याचा फवारा सुरू झाला तसं तिकडे तोंड फिरवून मॅडम काही बोलू लागल्या. वाफेच्या सुसाट्यात बायकोच्या कानावर तुकडे आले. "तपासणी पुन्हा..." "कार्यालयात कळवावं लागेल..." "तोवर तुम्ही..." पुढचं तिलाही कळलं नाही.

सरांनी सवयीने बायकोकडे पाहिलं. लग्नघरी, दवाखान्यात, बँकेत, ते असे बघायचे आणि ती हळूच ओठांनी सांगून टाकायची. या वेळी तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

सर चार पावलं चालून मॅडमच्या समोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, जे ठरवाल ते मान्य आहे," ते म्हणाले. "फक्त माझ्याकडे तोंड करून बोला."