एका डबल्समध्ये दोन बारा

परदेशात पोचल्या पोचल्या पोहे आणि वरणभात शोधणाऱ्या मंडळींनो, मग तुम्ही घर सोडता तरी कशाला?

हा प्रश्न मी निघायच्या आदल्या दिवशी नाशिक रोडच्या घरी आईलाच विचारला. ती माझ्या बॅगेत चिवडा, लाडू आणि लसणाची चटणी कोंबत होती. "तिकडे काय मिळेल कोण जाणे," ती म्हणाली. चटणी तेवढी ठेवून मी बाकीचं बाहेर काढलं. चौदा एप्रिलच्या जयंतीला बाबांच्या पुस्तिकांच्या टेबलामागे बसून वाढलेली मुलगी चिवड्यातसुद्धा तत्त्व शोधते, त्याला इलाज नाही. सिंगापुरात तिथल्याच माणसांच्या हातचं खायचं, असं मी ठरवूनच निघाले होते.

माझी मावसबहीण सुजाताताई तिथे संशोधक आहे. बिशानमधल्या सरकारी इमारतीत तिचा फ्लॅट आहे. सकाळी दार उघडलं की समोर लांबच लांब सामाईक व्हरांडा, कुंड्यांमध्ये कढीपत्ता आणि कोरफड, आणि एका दाराशी अगरबत्ती तर पुढच्या दाराशी अरबी अक्षरांची पाटी. इथल्या सरकारने इमारती भरताना कुठल्या वंशाची घरं किती, याचं प्रमाणच ठरवलं आहे, म्हणजे एकाच समाजाची वस्ती होणार नाही. असा नियम आपल्याकडे केला तर किती जणांच्या पोटात दुखेल, याचा हिशेब मी लिफ्ट येईपर्यंत करत होते.

वन-नॉर्थला तिचं ऑफिस आहे. बिशानहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, सरळ जाता येतं. गाडी भुयारातून धावू लागल्यावर ताई हळू आवाजात म्हणाली, "ऐक. आज आपल्याला खाण्याच्या गाडीवर जेवायचंय, कॅरिबियन गाडी. तिथे अविनाश सर असतील. नवीन आलेत, मराठी आहेत. ते तुला आडनाव विचारतील."

"मग सांगेन की."

"तुझं कळलं की माझंही कळलं."

ताईच्या ओळखपत्रावर फक्त 'सुजाता रमेश' आहे. रमेश म्हणजे तिचे वडील. काकांनी शाळेत घालतानाच तिचं आडनाव लावलं नाही, जाणूनबुजून.

"लपवतेस?" मी विचारलं.

"लपवायचं काय त्यात? पण पुण्याच्या ऑफिसात एकीने ते खणून काढलं. त्यानंतर माझ्या डब्यातली भाजी कुणी घेईना. भांडण नाही, काही नाही. 'आज पोट भरलंय गं.' पुढे वर्षभर सगळ्यांचं पोट भरलेलंच." खिडकीबाहेर अंधाराशिवाय काही नव्हतं, तरी ती तिकडेच बघत राहिली. "इथे एक टेबल जमलंय. ते मला घालवायचं नाही. तू भाषण करू नकोस, एवढंच."

मी वचन दिलं. दातओठ खाऊन दिलं, पण दिलं.

वन-नॉर्थ म्हणजे काचेच्या इमारती आणि त्यांच्यामध्ये पसरलेले, छत्रीसारख्या माथ्याचे पर्जन्यवृक्ष. दुपारी प्रत्येक इमारतीतून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं बाहेर पडतात. या शहरात मनाला येईल तिथे गाडी लावता येत नाही. ही गाडी दोन इमारतींमधल्या पटांगणात, रीतसर परवाना घेऊन, दर बुधवारी लागते. पिवळी छत्री, मोठी कढई, आणि दुरूनच येणारा भाजलेल्या जिऱ्याचा वास. तो वास इतका ओळखीचा, की आपण घर सोडून आलोय याचा मला क्षणभर राग आला.

रांगेआधी जागा धरायची होती. एका टेबलावर टिशूचं पाकीट पडलेलं दिसलं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी त्यातला एक टिशू काढून कपाळ पुसलं. मागून आवाज आला, "माझी चोप तू पुसून टाकलीस."

ही वेई लिंग, ताईच्याच प्रयोगशाळेतली. चोप म्हणजे जागा धरणं. टेबलावर टिशूचं पाकीट ठेवायचं आणि निवांत रांगेत जायचं. जागा तुमची. ते पाकीट कुणी हलवत नाही, कुणाचं आहे म्हणून विचारतही नाही. मी माफी मागितली. "बस, बस," ती हसत इथल्या लकबीत म्हणाली, "टेबल आपलंच आहे, लाह."

गाडी चालवणाऱ्या इंद्रा आँटी मूळच्या त्रिनिदादच्या. लग्न सिंगापूरच्या माणसाशी झालं आणि इथे आल्या. केस पांढरे, दंड पैलवानाचे.

"डबल्स किती?"

"एक."

"एक म्हणजे दोन बारा."

"नाही, नाही, बारा नकोत," मी घाईने म्हणाले, "एकच."

"एकच. त्यात दोन बारा."

मी हताश होऊन ताईकडे पाहिलं. ती पोट धरून हसत होती. बारा म्हणजे हळद घातलेली, पुरीहून मऊ तळलेली चकती. दोन बारांच्या मध्ये चण्याची रस्सेदार उसळ घातली की झालं डबल्स. आपल्यासारखीच माणसं हे बारा सात समुद्रांपलीकडे घेऊन गेली होती, आणि मी ते मोजत बसले होते.

"पेपर किती? स्लाइट, मीडियम, हेवी?" आँटींनी विचारलं. पेपर म्हणजे त्यांच्याकडच्या मिरचीची चटणी.

"हेवी," मी म्हणाले. आम्ही ठेच्यावर वाढलेली माणसं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी खांदे उडवले आणि चमचा भरून वाढलं.

टेबलाशी आलो तर अविनाश सर बसले होते. माणूस मोकळा, गोड बोलणारा. ताईने माझी ओळख करून दिली. "बारा म्हणजे आपला वडाच बरं का," ते म्हणाले. "बडा, बारा. शब्द कसे प्रवास करतात बघा." मला ते आवडले. हे लिहायला जड जातंय, पण आवडले.

मी पहिला घास घेतला. आधी चिंचेची आंबटगोड चटणी, मग मऊसूत चणे, मग कोथिंबिरीच्या धाकट्या बहिणीसारखा कसलासा हिरवा वास. इतकं साधं आणि इतकं पूर्ण जेवण मी क्वचितच जेवले असेन. आणि मग पेपर पोचला. कानातून वाफा, डोळ्यांतून धारा, जीभ जागेवर नाही.

त्याच वेळी आँटी रिकामे कागद गोळा करत आमच्याकडे आल्या आणि सरांनी इंग्रजीत विचारलं, "तुमचे पूर्वज भारतातले ना? कुठल्या जातीचे?"

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

आँटींना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. पूर्वज उसाच्या मळ्यांवर कराराने नेलेले मजूर, त्या म्हणाल्या. महिनोन्महिने एकाच जहाजात, एकाच पातेल्यातलं खाऊन ते उतरले ते जहाजी भाई होऊन. "माझी आजी सांगायची, आपल्या जहाजातल्या माणसांच्या घरात लग्न करायचं नाही. ते भाऊ लागतात."

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. समुद्रात जात बुडवून आलेली माणसं! मनात लेखाचं शीर्षकसुद्धा तयार झालं. तेवढ्यात आँटी म्हणाल्या, "आणि हीच आजी म्हणायची, आपण ब्राह्मण. चढताना कोण होतो देव जाणे. उतरताना आमच्या जहाजातले बरेच जण ब्राह्मण झाले होते."

वेई लिंग खो खो हसली. माझं शीर्षक गेलं. जात पोहायला शिकलेली असते, हे मला कुठल्या पुस्तिकेने सांगितलं नव्हतं.

सर मात्र हसले नाहीत. ते ताईकडे वळून मराठीत म्हणाले, "यांचं ठीक आहे, यांना माहीतच नाही. पण आपल्याला आपलं माहीत असायला हवं, नाही का? रमेश झालं वडिलांचं. मूळ आडनाव काय?"

मी घशात आग घेऊन बसले होते. ताईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती हसून विषय बदलेल. तिला ते छान जमतं. तिने हातातला कागद खाली ठेवला आणि सरळ सांगितलं. आडनाव, मग गाव, मग त्या गावातली त्यांची वस्ती कुठल्या बाजूला होती तेही. आवाज नेहमीचाच, प्रयोगाचे निष्कर्ष सांगावेत तसा.

"अच्छा," सर म्हणाले. हा 'अच्छा' तुम्ही ऐकला असेल किंवा म्हटला असेल. "छान, छान." मग त्यांना मीटिंग आठवली. अर्धं डबल्स कागदात गुंडाळून ते गेले.

"काय झालं?" वेई लिंगने विचारलं.

"मी त्यांना माझं आडनाव सांगितलं."

"एवढंच? मग उठले कशाला?"

ताई माझ्यासाठी उसाचा रस आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मधल्या दिवसांत मी पुष्कळ सिंगापूर पाहिलं. बागा, बंदर, रात्रीचे दिवे, सगळं देखणं. ताईसोबत कुठेही गेले तरी तिच्या मनात पुढचा बुधवार होता. मंगळवारी रात्री तिने सरांना मोबाइलवर संदेश पाठवला: 'उद्या गाडी आहे. जागा धरून ठेवते.'

"कशाला लाचारी?" मी भडकले.

"लाचारी कसली? टेबल माझं आहे. माझ्या टेबलावर मी बोलावतेय."

बुधवारी दुपारी मी त्यांची वाट बघत नव्हते, असं म्हणणार नाही. ते उशिरा आले. रांगेत उभे राहिले, डबल्स घेऊन जरा घुटमळले, मग टेबलाच्या टोकाला बसले आणि हवेवर बोलले. उकाडा फार आहे, पाऊस येईलसं वाटतं. ताईने आपली चिंचेच्या चटणीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यात तिने स्वतःचा घास नुकताच बुडवला होता.

ते वाटीकडे पाहत राहिले. मी तोंड उघडायच्या आत ताईने टेबलाखालून माझा पाय दाबला. मग त्यांनी बाराचा तुकडा तोडला, वाटीत बुडवला आणि खाल्ला. "यात गूळ आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"साखर," ताई म्हणाली. "गूळ असता तर आणखी छान लागली असती."

परतीच्या विमानात मी ठरवलं, की एका घासाने माणूस बदलला असं लिहायचं नाही. तो बदलला का, मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं, की टेबल वाचवायची सगळी मेहनत ताईलाच करावी लागली. सांगायचंही तिने, बोलवायचंही तिने, वाटी सरकवायचीही तिने. हे न्यायाचं नाही. तेव्हा वाचकहो, एवढं करा. कुणी नुसतं नाव सांगितलं तर तिथेच थांबा. आणि एखादीचं आडनाव तुम्हाला कळलंच असेल, तर उद्या जेवायला बसल्यावर तिने विचारण्याआधी तिच्या डब्यातली भाजी मागून घ्या.