द्राक्षांच्या गावाला कोण कोण गेलं

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. बाकीच्या बायका संध्याकाळी घरी जातात, भाकऱ्या थापता थापता नवऱ्याला नाहीतर सासूला दिवसभराचं सांगून मोकळ्या होतात. मी कोणाला सांगणार? कुलूप काढायचं, खिडकी उघडायची, स्टोव्ह पेटवायचा. स्टोव्ह ऐकून सगळं घेतो, पण हसत नाही! मग किस्से तसेच राहतात आणि लोणच्यासारखे मुरतात.

आज तुम्ही तिघी-चौघी बसलाच आहात, तर बरणी उघडते.

हे सगळे आमच्या टीचर्स रूममधले. अमरावतीची आमची मुलींची शाळा, छप्पन्न सालानंतरची चार-पाच वर्षं. हेडबाई पुण्याच्या. त्यांना वऱ्हाडी बोलणं ऐकलं की कानात खडा गेल्यासारखं व्हायचं. मालतीबाई देशमुख गणित शिकवायच्या. सासर चांदूर रेल्वेकडचं, घरची काळी जमीन, बोलणं एक घाव दोन तुकडे. कमलबाई गवई लहान वर्गांना शिकवायच्या. नवरा सरकारी नोकरीत, घर नुकतंच बौद्ध झालेलं. दोघींना दोन-दोन, तीन-तीन पोरं.

आणि मी. माहेर नाशिककडचं, निफाड तालुक्यातलं. लग्न होऊन अमरावतीला आले, काही वर्षांतच नवरा गेला. पुढे ट्रेनिंग केलं आणि इथंच नोकरीला लागले. मूलबाळ नाही. संपली ओळख.

*

एकदा इन्स्पेक्टरसाहेब आले. पाचवीच्या वर्गात शिरले. फळांचा धडा चालू होता.

‘‘मुलींनो, द्राक्षं चवीला कशी असतात?’’

सगळा वर्ग एका सुरात : ‘‘आंबट!’’

साहेब चमकले. ‘‘आंबट? कोणी सांगितलं?’’

पहिल्या बाकावरची पोर उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, ‘‘कोल्ह्यानं!’’

साहेब हसले, हेडबाई मात्र लालबुंद. पण त्या पोरीचं काय चुकलं? संत्र्यांच्या मुलखातल्या पोरी त्या. द्राक्ष त्यांना फक्त म्हणीतच भेटलेलं!

*

हेडबाईंनी ते मनाला लावून घेतलं. फळवाल्याकडून द्राक्षं मागवली आणि वर्गात प्रत्येकीला एकेक वाटली. उरलेल्यांतली चार कमलबाईंनी रुमालात बांधून घरी नेली.

दुसऱ्या दिवशी त्या सांगत होत्या, ‘‘अवो, मी रुमाल सोडला तं आमचा लहाना पोट्टा पाह्यतच राह्यला. मले म्हनते कसा, ‘आई, कोन बिमार हाय?’’’

आम्ही खूप हसलो. त्या वेळी आमच्या गावात द्राक्षं घेऊन निघालेला माणूस दवाखान्याच्याच रस्त्याला लागायचा.

हसून झाल्यावर कमलबाई म्हणाल्या, ‘‘त्याच्या आज्याले शेवटी शेवटी तेवढंच गिळता येत होतं ना वो.’’

मग मालतीबाईंनी टेबलावर हात आपटला. ‘‘ते काही नाही! ह्या पोट्ट्यायले एकदा द्राक्षं झाडावर दाखवली पायजेत. सुट्टीत जायचंच!’’

द्राक्षांच्या गावाला जायचं खूळ निघालं ते तिथून.

*

पण गाव कोणतं? नाशिक की दौलताबाद? मधल्या सुट्टीत तेवढा एकच विषय.

हेडबाईंकडे एक विलायती मासिक यायचं. त्यांनी एक दिवस ते मुद्दाम आणलं. आत फ्रान्समधल्या एका कुटुंबाचा फोटो होता. टोपीवाला बाप, फ्रॉकमधली आई, दोन गुबगुबीत मुलं. द्राक्षांच्या मळ्यात चादर पसरून बसलेली, आणि मध्ये बाटली.

‘‘पाहा,’’ हेडबाई म्हणाल्या, ‘‘तिकडे लोक सुट्टी आली की ठरवतात, यंदा वाइनच्या कुठल्या भागात जायचं. तेही मुलाबाळांना घेऊन!’’

मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला. ‘‘पोट्टे घेऊन? दारूच्या मुलखात?’’

‘‘वाइन म्हणजे दारू नव्हे, मालतीबाई.’’

‘‘मंग काय, सरबत हाय?’’

‘‘ती संस्कृती आहे!’’

‘‘असं होय!’’ मालतीबाई म्हणाल्या. ‘‘मंग आपला मेळघाट काहून वाईट हाय? तिकडं द्राक्षाची, इकडं मोहाची! आमी बी जातो, पोट्टे बसवतो, चादर आथरतो. आन् मधात दारूबंदीचा जमादार बसवतो, फोटोले!’’

हेडबाईंनी मासिक मिटलं. नंतर त्यांनी ते मला घरी न्यायला दिलं. मी तो फोटो बराच वेळ पाहत होते. माणसं कुठली कोण, पण पानं अगदी आमच्याकडची होती. कडेला करवत, आणि देठ तांबूस.

*

मग हेडबाईंनीच एक तोड काढली. शाळेतच द्राक्षाचा वेल लावायचा!

कोणीतरी त्यांना फाटा आणून दिला. मुलींनी आळं केलं, पाळ्या लावून पाणी घातलं. पावसाळ्यात वेल सरसर वर चढला. पानं हिरवीगार, हृदयाच्या आकाराची. मी पहिलं पान पाहिलं तेव्हाच ओळखलं, हे आपलं नव्हे. पण पोरी रोज त्या वेलाखाली डबे घेऊन बसायच्या. म्हटलं, बसू द्या. वेल कसलाही असो, सावली खरीच होती.

हिवाळ्यात त्याला लाल फळांचे बारके घोस लागले. शाळाभर आरडाओरडा, ‘‘द्राक्षं आली, द्राक्षं आली!’’ हेडबाई स्वतः टाळ्या वाजवत बाहेर आल्या.

नेमक्या त्या दिवशी मालतीबाईंच्या सासूबाई नातीला न्यायला आलेल्या. त्यांनी एक पान तोडलं, चुरगाळलं आणि म्हणाल्या, ‘‘अवो, हे तं गुयवेल हाय! कोनाले ताप गिप हाय का?’’

ताप होताच. निम्मी शाळा तापानं फणफणली होती. गुळवेलीची खोडं कापली, मोठ्या पातेल्यात काढा उकळला आणि बाईंसकट सगळ्यांना पेला पेला पाजला. कडू जहर!

मालतीबाई पेला वर धरून हेडबाईंना म्हणाल्या, ‘‘घ्या बाई, आपल्या मळ्यातली वाइन!’’

*

शेवटी देशमुखांनी गाव ठरवलं. देशमुख म्हणजे मालतीबाईंचे यजमान. त्यांच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि त्याच्या आधीचे सगळे मालतीबाईंचे.

‘‘दौलताबाद!’’ देशमुख म्हणाले. ‘‘किल्ला बी होते आन् द्राक्षं बी होतात. मे महिन्यात निघू.’’

मालतीबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या बाई नाशिककडच्या हायेत. त्या म्हनतात, द्राक्षं होळीच्या आगंमागं. एप्रिलात वेल छाटून टाकतात. मे मधी काहीच नसते.’’

‘‘बाईच्या म्हनन्यानं का झाडं चालतात? मे महिना फयाचा महिना हाय. आंबे कवा येतात?’’

झालं! बाडबिस्तरा, फिरकीचा तांब्या, तीन पोरं, सासूबाई असा लवाजमा निघाला. मनमाडला गाडी बदलली. किल्ल्यात पोरं अंधाऱ्या बोगद्याला घाबरून रडली, सासूबाई पहिल्याच दरवाज्यापाशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. मग सगळे द्राक्षाच्या बागेत गेले.

बाग कसली? उन्हात उभे असलेले काळे खुंट! ना पान, ना सावली.

थोरला मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, ह्या तं तुराट्या हायेत!’’

औरंगाबादला आल्यावर देशमुख थेट बाजारात गेले, किसमिसांचा मोठा पुडा घेऊन आले आणि पोरांपुढे ठेवला.

‘‘हे घ्या द्राक्षं.’’

‘‘हे तं वाळलेले हायेत!’’

‘‘मंग? मे महिन्यात अशेच येतात!’’

*

मे महिन्यात अमरावती कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. टीचर्स रूमला कुलूप. कोणी चिखलदऱ्याला, कोणी माहेरी. जाताना जी ती आपल्या घराची किल्ली माझ्याकडे द्यायची. तुळशीला पाणी घाला, मांजरीला दूध ठेवा, आतल्या खोलीत पाल शिरलीय का पाहा. मी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून हिंडायची, एखाद्या संस्थानाच्या राणीसारखी!

मालतीबाईंच्या घरात भिंतीवर पोरांच्या उंचीच्या रेघा होत्या. तुळशीला पाणी घालून झालं तरी मी तिथं थोडी बसायची. घर रिकामं असलं तरी पोरांच्या डोक्याच्या तेलाचा वास असतो त्याला. माझ्या घराला नव्हता.

एक दिवस भाजीवालीनं मला रस्त्यातच थांबवलं.

‘‘बाई, तुमी किती घरायच्या मालकीन हा वो? सकायपासून तीन घरं उघडून राह्यल्या!’’

‘‘माझी नाहीत गं. तुळशींना पाणी घालते. सगळ्या गावाला गेल्यात.’’

‘‘अस्सं. आन् तुमी गावाले गेल्यावर तुमच्या तुयशीले कोन घालते?’’

‘‘मी नाही जात गावाला.’’

तिनं माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्तीची टाकली.

आता तुम्हीच सांगा, एकट्या बाईनं एवढ्या कोथिंबिरीचं करायचं काय!

*

आता शेवटचा सांगते. तो कमलबाईंचा.

देशमुखांची फजिती पाहून कमलबाई शहाण्या झाल्या. त्यांनी होळीची सुट्टी धरली आणि नाशिक ठरवलं. नाशिक रोडला त्यांच्या यजमानांचे एक स्नेही होते, उतरायची सोय झाली. हेडबाईंनी हळूच विचारलं, ‘‘कमलबाई, नाशिकच का? दौलताबादही चाललं असतं.’’

कमलबाई म्हणाल्या, ‘‘आमचे मामंजी जवानीत नाशकाले गेलते, देवळात जायले. मार खाऊन आले. आता आमाले त्या देवळाचं काम नाही राह्यलं. पन म्हटलं, आज्यानं तिथं मार खाल्ला, नातवायनं द्राक्षं खाल्ली पायजेत!’’

मग त्यांनी मला विचारलं, ‘‘बाई, तुमच्याकडचा एखादा मळा सांगा ना. पोरायले हिंडू देतील असा.’’

मी गावाचं नाव सांगितलं, कालव्याच्या पुलापासून डावीकडची बाग सांगितली. ती बाग माझ्या भावाची. मी विधवा झाले तेव्हा दादा मला न्यायला अमरावतीला आला होता. मी म्हटलं, मी येत नाही, मी शिकते, नोकरी करते. तो म्हणाला, ‘‘मग तू आम्हाला नाहीस आणि आम्ही तुला नाही.’’ आल्या पावली परत गेला. त्यानंतर ना पत्र, ना निरोप. हे मी कमलबाईंना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, ‘‘माझं नाव मात्र घेऊ नका तिथं.’’

‘‘काहून वो?’’

‘‘उगीच.’’

होळी पौर्णिमेचं जेवण मी एकटीनं जेवले. एक पुरणपोळी केली होती, तीही अर्धी उरली. रंगपंचमी झाली आणि शाळा उघडली. मधल्या सुट्टीत कमलबाई सांगायला बसल्या. आम्ही सगळ्या भोवती.

‘‘काय सांगू बाप्पा! वेल पांगाऱ्यावर चढवलेले, वर लाल फुलं, खाली घोस! पोट्टे तं येडे झाले. मालक मोठा गंभीर मानूस. कानावरचे केस पांढरे, हातात कैची. ह्यायनं सांगतलं, आमी अमरावतीहून आलो. तसा त्याचा हातच थांबला.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मंग म्हने, ‘अमरावती?’ ह्यायनं म्हटलं, हो. आमचं नाव, गाव, आमी कोन, सारं सांगतलं, लपवायचं काहून? त्यानं ऐकून घेतलं. आन् म्हने, ‘इथला पत्ता कोणी दिला?’ हे म्हने, ‘एका ओळखीच्यायनं.’ मंग त्यानं काही नाही विचारलं. स्वता पोरायचा हात धरून साऱ्या बागेत हिंडवलं. पानी पाजलं. खाटेवर बसवलं. पैशाले हात नाही लावला.’’

‘‘चांगला माणूस म्हणायचा,’’ हेडबाई म्हणाल्या.

‘‘चांगला, पन जरा चक्रम हाय!’’ कमलबाईंनी पिशवीतून द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला एक घोस काढून टेबलावर ठेवला. दोऱ्यानं बांधलेला. शेजारी कागदाची एक पुडी. ‘‘निंगताना हा घोस आनून दिला. मी म्हटलं, पोरायनं लय खाल्लं दादा, आता काहून? तं म्हने, ‘हा पोरांचा नाही. ज्यांनी पत्ता दिला त्यांना द्या.’ आन् संगं ही पुडी. मी सोडून पाह्यली, तं आत काय निंघावं? मीठ!’’

सगळ्या खो खो हसल्या. मालतीबाई तर डोळे पुसायला लागल्या.

‘‘गोड द्राक्षाले मीठ!’’ कमलबाई म्हणाल्या. ‘‘आता सांगा, असं कोन खाते वो?’’

मी पुडी माझ्याकडे ओढून घेतली.