उंचावरून ओतलेला चहा

नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेन गावाहून निघताना मी बॅगेत दोन स्टीलचे पेले ठेवले. बायको म्हणाली, "अहो, मोरोक्कोला चाललोय की शेतावर?"

लॉकडाऊनमुळे दोनदा पुढे ढकललेली ही सुट्टी आता आणखी ढकलता येत नव्हती. पण रविवारी परतून सोमवारी मला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि आमचा तिथं राहण्याचा परवाना त्याच नोकरीवर अवलंबून होता. परतीच्या विमानात बसायला कोरोनाची निगेटिव्ह चाचणी लागणार होती. ती पॉझिटिव्ह आली, तर आम्ही मराकेशच्या हॉटेलात अडकणार. कंपनी तोवर थांबेल का, हे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं.

चाचणी शनिवारी होती. बुधवारी बायकोनं ओरिका नदीच्या खोऱ्यात जायचं ठरवलं. "डोंगर आहे, सगळं उघड्यावर आहे. निदान हवेला तरी घाबरू नका."

गाडीवाला पन्नाशीचा, तिथलाच. बाहेरचे लोक त्यांना बर्बर म्हणतात, तो स्वतःला आमाझिग म्हणवत होता. तरुणपणी त्यानं युट्रेख्टच्या एका हॉटेलात भांडी घासली होती आणि त्याचं डच आमच्यापेक्षा चांगलं होतं. "न्यूनेन? तिथं संध्याकाळी सहानंतर कुत्रंसुद्धा परवानगी काढून भुंकतं," तो म्हणाला. बायको खूप हसली. मी काच खाली करून बसलो होतो, कारण त्याचा मास्क हनुवटीवर होता.

खोरं सुंदर असणार. मला आठवतात ती लाल मातीची, डोंगराला चिकटलेली घरं, अक्रोडाची झाडं आणि नदीवरचा हलता फळकुटांचा पूल. त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला वाट देताना मी श्वास रोखून धरत होतो.

पुलापलीकडे गाडीवाल्याच्या थोरल्या भावाचं घर होतं. दीड वर्षात त्यांच्याकडे कुणी पाहुणा आला नव्हता. वहिनीनं गरम भाकरीसारखा पाव आणला. भावानं काचेचे पाच छोटे ग्लास एकाच घमेल्यातल्या पाण्यात बुडवून काढले. पाणी त्यानं बदललं नाही. मी बॅगेतून पेले काढले आणि हातानंच दाखवलं, यात द्या.

भावानं पेल्यांकडे पाहिलं. मग त्यानं किटली हातभर उंच उचलली आणि पेल्याला कुठंही न टेकवता वरून धार सोडली.

मला आमच्या गावच्या मुख्याध्यापकांची पडवी दिसली. वडील शाळेत शिपाई होते. त्यांचा कान तुटलेला कप तिथल्या कोनाड्यात वेगळा असायचा आणि त्यात चहा असाच वरून पडायचा. त्याच पडवीत गुरुजींनी मला चार वर्षं फुकट गणित शिकवलं. त्यांच्यामुळे मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, ते ऋण मी कधी नाकारलेलं नाही. पण वडील तो कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवत, तेव्हा मी वहीत डोकं घालत असे.

भावानं बाकीच्या ग्लासांतही तसाच उंचावरून चहा ओतला. शेवटी स्वतःच्याही.

"फेस यायला हवा," गाडीवाला म्हणाला. "फेस नसला तर पाहुण्याचा अपमान." मग माझ्या पेल्याकडे बघून हसला. "तुमच्याकडे पाहुणे भांडी घेऊन फिरतात का? मग युट्रेख्टला मला काम कमी पडलं असतं!"

तो थट्टाच करत होता. भाऊ मात्र हसला नाही. त्यानं माझ्यासाठी विसळलेला ग्लास हळूच ट्रेच्या कडेला सरकवला.

"मी यातच घेतो," मी म्हणालो आणि तो ग्लास उचलून किटलीखाली धरला.

"अहो!" बायको पुटपुटली. "सोमवार?"

मी मास्क काढला. चहा पुदिन्याचा आणि फार गोड होता. भावानं दुसऱ्यांदा भरला, मी तोही घेतला.

पुढचे तीन दिवस मी तासातासाला घसा तपासला. गुरुवारी खवखव वाटली, शुक्रवारी गेली. बायको एकदाच म्हणाली, "त्या एका ग्लासासाठी दोघांचं सगळं पणाला लावलंत." वडिलांच्या कपाविषयी तेव्हा मी तिला सांगू शकलो नाही.

शनिवारी संध्याकाळी दोघांचेही अहवाल निगेटिव्ह आले. ती रडली. उलटं झालं असतं, तर तिला काय उत्तर दिलं असतं, हे मला अजून सापडलेलं नाही.