पडद्यावरचा पूर

मे महिन्यात महाडच्या उकाड्याला कंटाळून काकू नि मी थिएटरच्या गार अंधारात जाऊन बसलो. पडद्यावर ड्रॅगन उडत होते, नायक उगाच गुरगुरत होता. मला वैताग आला होता. मग समुद्र उठला आणि निळी लाट स्वप्नात यावी तशी संथपणे शहरावर आली. काकू पुटपुटली, "अरे, पळता काय? आधी तांदूळ माळ्यावर चढवा!" पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी घरात शिरतं तेव्हा ती हेच ओरडते.

पुढच्याच दृश्यात पाणी ओसरलं, रस्ते लखलखीत.

"काय फालतू सिनेमा!" बाहेर येताना मी म्हणाले.

काकू अजून त्या निळाईतच होती.

"मला आवडला गो," ती म्हणाली. "एवढा पूर आला नि गेला, पण चिखल नाय राहिला."