मुकी पट्टी

घरातला पियानो बंद पडलेल्या शाळेतून आणलेला. त्याची मधली एक पट्टी मुकी होती. कितीही जोर लावा, सुराऐवजी नुसतं ‘ठक्’. चिमी त्याच्यावरच शिकली. आई लाँड्रीतले उरलेले कपडे घरी आणून इस्त्री करायची आणि ठक् झालं की हटकून म्हणायची, “बोलली बाई तुझी मुकी.”

आता आई इस्पितळात होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती; बाबा ते मानायला तयार नव्हते. संगीतशाळेतल्या कार्यक्रमांत वाजवलेलं चिमी आईच्या फोनवर पाठवायची, सोबत त्या संगीतकाराविषयी चार ओळी. या खेपेला शूबर्ट होता. एकतिसाव्या वर्षी गेला, शेवटी अंथरुणातही आपल्या गाण्यांची प्रुफं तपासत होता, असं तिनं लिहिलं होतं.

“हात चालता ठेवून गेला म्हणायचा,” चिमी भेटायला गेली तेव्हा आई म्हणाली. “छान वाजवलंस. पण परक्याच्या घरी जेवल्यासारखं वाटलं गं. एकदा आपल्या पियानोवरचं ऐकव. मुकीसकट.”

चिमी तडक घरी आली. पियानोचं पोट उघडं होतं. बाबा सुतार; आतली, तारेवर आपटणारी मोडकी हातोडी काढून त्यांनी नवी घडवून बसवली होती.

“ऐक,” पट्टी दाबत ते म्हणाले. “बोलती केली. तुझी आई घरी आली की बघतच राहील.”

सूर स्वच्छ होता. चिमीनं आईचं मागणं सांगितलं. बाबांनी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

“ती पट्टी सोडून वाजव,” ते म्हणाले. “तिथं मी आहे.”

मुकीची जागा आली की चिमी बोट उचलायची आणि बाबा लाकडावर ठोकायचे. एकदा उशीर झाला, एकदा घाई.

“परत, बाबा.”

अंधार पडेस्तोवर दोघं उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात चिमीनं फोनवर टिपून आणलेलं सगळं आईनं डोळे मिटून ऐकलं. “बोलली बाई,” ती पुटपुटली. “पण जरा अडखळते. बाबांना म्हणावं, सवड काढून एकदा उघडून बघा तिला.”

“सांगते,” चिमी म्हणाली.

त्याच आठवड्यात आई गेली.

मुकीची जागा आली की चिमी अजून बोट उचलते. बाबा घरात असले तर ठोकतात. नसले तर तिथं काहीच वाजत नाही.