जिन्यावरचे बूट
गणपतीत दारापुढे चपलांचा ढीग दिसला की मला ते काळे बूट आठवतात. त्या वर्षी कामोठ्यात आमच्या तळमजल्यावरच्या घरात ऐन गणपतीत गुडघाभर गटाराचं पाणी शिरलं. मूर्ती वर न्यायला मदतीला आलेल्या पोलीस साहेबांनी जिन्याच्या पायरीवर बूट काढले. "राहू द्या साहेब, पाण्यात समई, काचा, काय काय पडलंय," बायको म्हणाली. "बूट घालून बाप्पाला हात कसा लावू, वहिनी?" मलाही ते बरंच वाटलं, म्हणून मी गप्प बसलो. त्यांच्या टाचेत काच घुसली, त्या जखमेतून लेप्टोचा ताप आला आणि पंधरवड्यात ते गेले. हल्ली आरतीला येणाऱ्यांना मी सांगतो, चपला घालूनच आत या. लोकांना वाटतं, माझी देवावरची श्रद्धा उडाली.