आबांची पंगत

मळवलीला आमच्या शेजारच्या बंगल्याची राखण करणाऱ्या आबांइतका आग्रही माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. त्यांच्या पडवीत पंगत सगळ्यांची एकच: मालक आले तर मालक, मीटर बघायला आलेला माणूस, दोन कुत्री, आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून मालकांच्या मुलीने आणून सोडलेले तीन गिनीपिग. त्यांना गवत घालतानाही "घ्या की, लाजताय काय?" चालू असायचं. मी एकदा चहा नको म्हणालो, तर कपबशी सांभाळत माझ्यामागे फाटकापर्यंत आले. आग्रह कसला, छळच तो!

श्रावणात तांबड्या गिनीपिगाच्या नाकावरचे केस झडले, खपल्या धरल्या. लोणावळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मलम देऊन बजावलं, "गजकर्ण आहे, पसरतं. बरं होईपर्यंत याला वेगळं ठेवा." आबांनी मलम इमानेइतबारे लावलं, वेगळं मात्र ठेवलं नाही. उलट दुजाभाव नको म्हणून एकाच फडक्याने तिघांना पुसत राहिले. पंधरा दिवसांत दुसऱ्याचे कान सोलले आणि आबांच्या मनगटावर लाल कडं उमटलं. धाकटं काळं तेवढं शाबूत होतं.

मी वैतागलो. "आबा, त्या धाकट्यालाही होणार आता. वेगळं ठेवायला तुमचं जातंय काय?"

आबा म्हणाले, "भाऊ, आमच्या आज्याला गावच्या पंगतीत लांब बसवायचे. त्याला तर कसलाच रोग नव्हता. तवापास्नं आमच्या घरात ठरलंय, कुणाला येगळं बसवायचं न्हाई."

आपण काय बोलून बसलो, हे मला तेव्हा कळलं. धीर करून एवढंच म्हणालो, "हे धाकट्यासाठी आहे, आबा. बरे झाले की पुन्हा एकत्र."

पुढे महिन्याभरात सगळे बरे झाले, आबाही. पण मला आठवते ती या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. धाकटं पडवीत नव्या खोक्यात होतं. दोघा आजाऱ्यांना आबांनी आपल्या खोलीत नेलं होतं आणि स्वतःचं ताट घेऊन त्यांच्याजवळच जेवत होते. मी आत पाय टाकणार, तोच ते ओरडले, "भाऊ, आत येऊ नका! तितंच बसा!"

आणि लगेच त्यांनी हात जोडले. "माफ करा. लय वाईट बोललो."

असं बोलल्याबद्दल त्यांच्या आज्याची माफी कधी कुणी मागितली नसेल. मी दाराबाहेर खाली बसलो. आबांचे जोडलेले हात काही मला बघवेनात.